हिरामणचे उलट्या सिंहांचे नाणे

मी, कुमारी गोदावरी शिवदास पोंक्षे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त कॅशियर, राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड, स्वखुशीने लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाचा यशोधन याला शंका असल्यास त्याने तो दोनदा वाचावा.

१. घर व सुपारीची वाडी यशोधनला. अट एकच, त्याने माझ्या नाण्यांना हात लावू नये. मी पालीला गेले असता याने माझी तांब्याची शिवराई आमसुलाने घासून लखलखीत केली आणि वर "आत्या, बघ कशी नवी झाली!" म्हणून शाबासकी मागितली. दोनशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत गेला. मनाने चांगला आहे, म्हणून वाडी देते.

२. बँकेतील ठेव, भिंग आणि नाण्यांचे दोन्ही डबे भाची क्षिप्राला. एका डब्यावर 'टांकसाळीची चूक' अशी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर 'नंतरचे नुकसान'. मोबाइलवर व्हिडिओ पाहून लाखांच्या आशेने जुनी नाणी घेऊन येणाऱ्यांना तिने चहा द्यावा आणि खरे सांगावे. भोक असते ते बहुधा गळ्यात बांधण्यासाठी पाडलेले, अंक खाल्लेले असतात ते खाऱ्या पाण्याने. टांकसाळीत होते ती चूक, बाहेर पडल्यावर होते ते नुकसान. हे मी इतक्यांदा ऐकवले आहे की लोक मला पाहून रस्ता बदलतात.

३. आता मुख्य. दुसऱ्या डब्यात रुपयाचे एक नाणे आहे. त्याच्या एका बाजूला सिंह उठावाचे आहेत आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे व खोल. ते हिरामण पदू म्हात्रे, राहणार पेण, यांना द्यावे. आमच्या वाडीची सुपारी त्यांच्याच ट्रकमधून जाते. १९८९ साली शाळेच्या हॉलमध्ये नाण्यांचे प्रदर्शन होते, परीक्षक मी. हिरामणनी हे नाणे हौसेने पुढे केले. मी भिंग न काढताच जाहीर केले, "गॅरेजातल्या वाईसच्या लोखंडी जबड्यात दोन नाणी दाबलीत. नुकसान!" हॉल हसला. पुढे पेणपर्यंत लोक त्यांना 'वाईसवाले' म्हणू लागले. नाणे टेबलावरच सोडून ते गेले, मी ते डब्यात टाकले.

गेल्या दिवाळीत क्षिप्राने ते भिंगाखाली धरले. "आत्या, दाबलेलं असतं तर या बाजूचा मूळ छाप खाली चेपलेला दिसला असता ना? इथे काहीच नाही." खरेच नव्हता. टांकसाळीतच आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले होते आणि त्याचाच ठसा यावर उमटला. एक चूक टांकसाळीची, दुसरी माझी. हिरामण दर शनिवारी माझ्याकडे चहाला येतात. छत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही हा विषय काढला नाही, आणि दिवाळीपासून माझीही जीभ रेटत नाही. म्हणून मेल्यावर कळवण्याची सोय करते आहे. भित्री आहे मी, दुसरे काय!

४. पुरवणी, सहीपूर्वी. आज शनिवार. वकील दिपाली यांनी साक्षीदार मागितला तेव्हा समोर हिरामणच चहा पीत होते. "ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्ष न दिलेली बरी," दिपाली घाईने म्हणाल्या.

"मला काय मिळनार हाय?" म्हणत हिरामणनी कागद ओढला, चष्मा लावला आणि कलम तीन वाचले. मग पुन्हा वाचले. मी बशीकडे बघत बसले. मला फार लाज वाटत होती.

"बाई, नाणं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्या दिशी तुमी बोललाव तवा हॉल भरलेला व्हता. आज चुकलं म्हनताव, तर साक्षीला कोनी नको? सही मीच करनार."

सबब कलम तीनमधील देणगी रद्द. नाणे आत्ताच, हयातीत, दिपालींदेखत त्यांच्या हातावर ठेवले. यात मी काही दिलेले नाही, त्यांचे त्यांना परत केले. माफी तोंडाने मागून झाली.

स्थळ: श्रीवर्धन
दिनांक: ८ मार्च २०२५

मृत्युपत्र करणार: गोदावरी शिवदास पोंक्षे

साक्षीदार १: ॲड. दिपाली ठाकूर (कागद पुन्हा टाइप करू दिला नाही, अशी तक्रार नोंदवून)

साक्षीदार २: वाचून सही केली. हिरामण पदू म्हात्रे. वाईसवाले न्हाय.