लिंडसे इंजिनाचा नारळ

२२ ऑक्टो. २०२०, डून लेरी
आयर्लंड सरकारने माझी आणि नारळाची ताटातूट केली, याची इतिहासाने नोंद घ्यावी. कोरोनामुळे आजपासून घरापासून पाच किलोमीटरची हद्द. शेंडीवाला नारळ क्लोनडॉकिनच्या देशी दुकानात, म्हणजे परराष्ट्रात. इथल्या सुपरमार्केटातला तासून गुळगुळीत केलेला. फोटो मिरजेला वडिलांना पाठवला. अप्पा : "हा नारळ आहे का बिलियर्डचा बॉल? असला इंजिनापुढं फोडायचा नाही."

इंजिन शेजारच्या म्हाताऱ्या लिंडसेचं. आगगाडीचं, गुडघाभर उंच, पण खऱ्या कोळशावर चालणारं. गॅरेजात आठ वर्षं खपून केलंय. मूळ इंजिन इंग्लंडातल्या एका खाणीवरचं, नाव तेच : लिंडसे. खाण त्या नावाच्या स्कॉटिश सरदारांची. म्हातारा म्हणतो, "किल्ले त्यांना मिळाले, मला नुसतं आडनाव."

२५ ऑक्टो.
दसरा. नारळ नाही, पूजा नाही.
अप्पा मिरज लोको शेडचे रिटायर्ड फिटर. मागच्या महिन्यात व्हिडिओवर पाहून त्यांनी लिंडसेच्या पंपातली चूक काढली, तेव्हापासून म्हातारा त्यांना 'द बॉस' म्हणतो. बॉसचा हुकूम : "खंडेनवमीला नारळ फुटल्याबिगर नवं इंजिन पेटवायचं नाही. सांग साहेबाला." मी हसत हसत सांगितलं. लिंडसे हसला नाही. "फिटर युवर मॅन आहे, तू नाहीस." ('युवर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस', इथे अप्पा.) पेटवत नाही म्हणतो.

१३ डिसें.
हद्द उठली. अप्पांनी सवलत दिली : खंडेनवमी गेली तर गेली, नारळ तेवढा फोड. क्लोनडॉकिनला गेलो. इडलीरवा, पापड, फरसाण, दोन किलो भाकरीचं पीठ. नारळ विसरलो.
अप्पा : "काय रे, शिट्टी कधी ऐकवतोस?"
"पुढच्या रविवारी."
"लेका, ह्यो तिसरा पुढचा रविवार."

९ जाने. २०२१
परत पाच कि.मी. या वेळी सरकारला शिव्या घालाव्याशा वाटेनात.

२१ एप्रिल
ताईचा फोन. अप्पा ऑक्सिजनवर. बोलता येत नाही. खुणेने तिला काहीतरी विचारत होते, दोरी ओढल्यासारखा हात करून. ताईला कळलं नाही. मला कळलं. सांगितलं नाही.

२७ एप्रिल
अप्पा गेले.
जाता येत नाही. दहन फोनवर पाहिलं. फोन ताईने धरला होता. तिची चप्पल दिसली, मग धुराडं. धूर काळा. अप्पा म्हणाले असते, हवा कमी पडतेय.

२ मे
लिंडसे फाटकाशी. सोडाब्रेड भिंतीवर ठेवून मागे सरकला. "मी पेटवलेलं नाही हं अजून." थँक्यू म्हणालो बहुतेक.

१४ ऑक्टो.
खंडेनवमी. रजा टाकली. ऑफिसात कारण दिलं नाही, कोणतं देणार. क्लोनडॉकिनहून एकच नारळ आणला, शेंडी बघून. दुकानदार : "अजून काही?" नको.
झेंडू नव्हता. लिंडसेने बागेतली पिवळी शेवंती कापून दिली. इंजिनाला कुंकू लावलं. म्हातारा टोपी काढून उभा. मागच्या पायरीवर नारळ फोडला, पाणी इंजिनाखालच्या छोट्या रुळांवर शिंपडलं, एक वाटी त्याच्या हातात दिली. काडी त्याने मला लावायला सांगितली.
आधी काळा धूर. मग त्याने झडप थोडी उघडली.
पाऊण तासाने वाफ पुरेशी झाली. शिट्टीची दोरी त्याने माझ्या बोटात अडकवली. म्हटलं, थांबू या जरा.
"ग्रँड," म्हणाला, म्हणजे इथलं 'बरं'.
वाफेच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. लिंडसेने आणखी चमचाभर कोळसा टाकला.