हॅनाने काढलेला काकूचा फोटो

४ जाने.
हॅना आली. डेन्मार्कची, माझ्यासारखीच शिकाऊ शिक्षिका. पाच-सहा आठवडे आमच्याकडे राहून माझ्याबरोबर शाळेत शिकवणार. मग आमच्या बी.एड.मधून एकजण तिच्या गावी तीन महिने. कोण, ते शेवटच्या कार्यक्रमातल्या सादरीकरणावरून ठरणार. मीच जाणार. बाबांनी तिला गंगेकडची खोली दिली. काकूची होती ती. काकू आता जिन्याखाली.

९ जाने.
सातवीच्या पोरी हॅनाच्या पांढुरक्या, न दिसणाऱ्या भुवयांवरून खिदळत होत्या. "मैडम, आपकी भौंहें कहाँ हैं?" हॅनाने विचारलं, काय म्हणतायत? म्हटलं, तू त्यांना आवडलीस.

१५ जाने.
ह. दिवसभर काकूच्या मागे. काकू म्हणजे बाबांची थोरली वहिनी. काका गेले माझ्या जन्माआधी, तेव्हापासून या घरचं तीच रांधते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी हसणं चालू. आज थालीपीठ थापायला शिकवलं. काकू एवढी हसते हे मला माहीतच...
ह.: ती आपल्याबरोबर का जेवत नाही?
उपास असतो, म्हटलं.
रोज?
रोज.

२२ जाने.
ह.ने काकूचा फोटो काढलाय. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याखाली बसून कढई खरवडून खाताना. पोलकं खांद्यावर उसवलेलं. फोटो सुंदर आहे, हेच वाईट. कार्यक्रमात मोठा करून लावायचा म्हणते. मला म्हणाली, "तिला विचार आधी."
विचारलं. काकू म्हणाली, "नको म्हणावं, बाई. असा नको. धड पातळ नेसून बसते, मग काढ म्हणावं."
ह.ला सांगितलं, ती हो म्हणते.
बाकीच्या मुलींकडे घाट आणि होड्यांचे फोटो आहेत.

८ फेब्रु.
झाला कार्यक्रम. फोटोवरचं कापड काढलं तसे सगळे पुढे झुकले. ह. इंग्रजीत या 'आंटी'बद्दल बोलत होती, मी हिंदीत सांगत होते. प्रिन्सिपल मॅडम बाबांकडे वळल्या. "शास्त्रीजी, ये कौन हैं?"
बाबा म्हणाले, "महराजिन हैं। खाना बनाती हैं।"
"पर ये तो आंटी कह रही हैं?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबासुद्धा. मी माइकमध्ये म्हटलं, "हम लोग प्यार से महराजिन को भी काकू बुलाते हैं।"
मॅडमनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. ह.ला काही कळलं नाही, तीही टाळ्या वाजवत होती.

१० फेब्रु.
शेजारची मुलगी आमच्याच वर्गात. तिच्या आईने काकूला सगळं सांगितलं.
काकू पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मुक्ता, मी नको म्हटलं होतं ना गं?"
मी पाणी पिऊन बाहेर आले. तिची एकही पोळी करपली नाही.

१३ फेब्रु.
ह. गेली. काकूच्या गळ्यात पडून रडली. काकूने पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ फेब्रु.
बाबा म्हणाले, "कॉलेजची माणसं आता निवडीसाठी घरी येणार. महराजिन सांगून बसलोय, उद्या वहिनी कोणत्या तोंडाने म्हणू?"
आईने एवढंच विचारलं, "मग स्वयंपाक कोण करणार?"
काकूला विधवाश्रमात पोचवलं. रिक्षात बसण्याआधी बाबा रीतीप्रमाणे तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "औक्षवंत व्हा, भाऊजी."
मी खिडकीत होते. खाली गेले नाही.

२७ फेब्रु.
यादी लागली. माझंच नाव. आईने शिरा केला, खाली लागला. तरी बाबांनी दोनदा घेतला.

४ मार्च
आश्रमात गेले. एका खोलीत पाचजणी. काकू इथेही रांधते, फक्त माणसं जास्त. पेढे दिले तर तिने शेजारणींना वाटून टाकले.
"हॅनाकडेच राहणार का?"
"हो."
"ती माझं विचारेल."
"विचारेल."
"काय सांगशील?"
तिने वाट पाहिली, मग डाळ निवडायला घेतली. मीही बसले खडे काढत. बराच वेळ. निघताना म्हणाली, "परत येऊ नकोस. जाण्याआधी तर नकोच." रागाने, की मला सोडवायला म्हणून, कळलं नाही.
फॉर्म सोमवारी द्यायचाय. भरून ठेवलाय. सही तेवढी...