आमच्या धाकट्याबद्दल

प्रिय भिंगरी,

आईने ठेवलेलं हे नाव अजून चालेल ना तुला? घरात आता ते कुणी घेत नाही. आई घेते कधीमधी, स्वयंपाकघरात, नळ मोठा सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. फोन केला नाही, कारण माझा फोन हल्ली माझ्या एकटीचा राहिलेला नाही, धाकटा तो उघडून बघतो. हे पत्र आमच्या लॅबची व्हॅन चालवणारे काका तुझ्या हातात देतील. माणूस विश्वासाचा आहे.

तू आमच्या धाकट्याला सोडून दुसऱ्या गावी गेलीस, तेव्हा तुला गाडीत बसवून मी घरी आले. वाटलं, तो आठवडाभर नीट जेवणार नाही, मग सावरेल. पण तो बेकरीतून आला, हात धुतले, पोटभर जेवला आणि मोबाइल घेऊन बसला. तिथून तो उठलाच नाही म्हण ना.

त्याचा हात तू पाहिलायस. केकवर क्रीमचं फूल काढताना श्वास रोखून धरायचा. बेकरीतली मंडळी त्याला ‘वहिनी’ म्हणायची, तोही हसायचा. आपणही हसलोय गं. त्याच्या आत काय साचत होतं, कुणाला ठाऊक.

मोबाइलमधल्या त्या माणसाला सगळे ‘सर’ म्हणतात. जाड मान, मऊ आवाज. सुरुवातीला मीही ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लवकर उठा, व्यायाम करा, रडगाणं बंद करा. बाबा तर खूश. ‘आता कुठे पोरगं माणसात आलं,’ असं शेजाऱ्यांना सांगत सुटले. मग हळूहळू पुढचे धडे आले. पुरुषाने विचारायचं नसतं, ठरवायचं असतं. बाई सोडून गेली, म्हणजे तू ढिला पडलास. धाकट्याने बेकरी सोडली. आता एका क्लबच्या दारावर काळा शर्ट घालून उभा असतो. दंड असे झालेत की आईला त्याचे जुने शर्ट कुणाला तरी देऊन टाकावे लागले.

तो आरडाओरडा करत नाही. केला असता तर बरं झालं असतं. एकदा आई म्हणाली, ‘बोल ना रे माझ्याशी काहीतरी.’ तो शांतपणे म्हणाला, ‘तुझ्याशी बोलून बोलूनच मी तसा झालो होतो.’ आईने हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. बाबांनी एका संध्याकाळी मोबाइलचा आवाज कमी करायला सांगितलं, तर तो उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. हातसुद्धा उचलला नाही. बाबा खाली बसेपर्यंत नुसता उभा राहिला. तेव्हापासून त्याची पावलं वाजली की बाबा पेपर उघडतात. परवा पेपर उलटा होता. मला हसू आलं आणि मग मी तो त्यांच्या हातात सुलटा करून दिला.

आणि आता या आठवड्यात तो एकदम खुशीत आहे. गुणगुणतो, शर्टाला इस्त्री करतो. मला त्याची एवढी भीती कधीच वाटली नव्हती. काल तो अंघोळीला गेला तेव्हा मोबाइल टेबलावर उघडाच राहिला होता. सरांच्या चेल्यांच्या गटात तुझ्या इमारतीच्या फाटकाचा फोटो आहे. तुझ्याच गावातल्या त्यांच्यातल्या कुणीतरी काढलाय. खाली सगळ्यांनी लिहिलंय, ‘वाघा, जा.’ संध्याकाळी चहा घेताना तो आपणहून म्हणाला, ‘रविवारी तिला आणायला जातोय.’ मी म्हटलं, ‘अरे, ती यायची नाही.’ तर हसून म्हणाला, ‘विचारणार कोण आहे?’

म्हणून हे पत्र. तो फोटो मी घाईने टिपून घेतला आणि लॅबमध्ये छापला, ती प्रत सोबत आहे. ती घेऊन आजच पोलिसांत जा. साक्षीदार म्हणून माझं नाव दे, मी येऊन सगळं सांगेन. बाबांना कळलं तर आकाश कोसळेल असं वाटलं होतं. पण आज सकाळी त्यांनीच मान वर न करता विचारलं, ‘तिला कळवलंस का?’ तो माझा भाऊ आहे गं. त्याच्या हातून काही होऊ नये एवढंच मला वाटतं, आणि तेवढ्यासाठी तो तुझ्यापर्यंत पोचता कामा नये. रविवारी शक्य असेल तर घरी थांबूच नकोस. थांबलीसच, तर एक लक्षात ठेव. तो दारावर लाथा मारणार नाही. हळूच टकटक करेल, जुन्या आवाजात हाक मारेल, कदाचित माफीसुद्धा मागेल. बाथरूमच्या आरशासमोर तो रोज तेच म्हणून बघतोय आणि आता त्याला ते अगदी छान जमायला लागलंय. दार उघडू नकोस.

तुझीच,
ताई