एकशे अठरा आणि एकशे एकोणीस क्रमांकाच्या बरण्यांबाबत

दिनांक : १ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
विकृतिशास्त्र विभाग,
खामतीर वैद्यकीय महाविद्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : हृदयाचे दोन जुने नमुने नष्ट करण्यापूर्वी श्रीमती बानाबाई पुंजाराम यांना एकदा पाहू देण्याबाबत.

संदर्भ : जुने नमुने ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाकण्याची संग्रहालयाच्या दारावरची सूचना.

महोदया,

सन १९८४ च्या श्रावणात वैजापूरकडचे पुंजाराम नावाचे मेंढपाळ, वय ३१, आपल्या रुग्णालयात वारले. त्या वेळी अर्जदार वच्छलाबाई ही या विभागाच्या संग्रहालयात परिचर होती. बरण्या पुसणे, उन्हाळी सुट्टीत त्यांतले फॉर्मॅलिन बदलणे आणि चिठ्ठ्या चिकटवणे, एवढेच तिचे काम. १९७५ ते २००८ अशी तेहेतीस वर्षे तिने ते केले.

तेव्हाचे विभागप्रमुख डॉ. बद्रीनाथ सर यांनी पुंजारामच्या पत्नी बानाबाई यांना समोर बसवून सांगितले की, यांचे हृदय आम्ही ठेवून घेऊ, त्यावर मुले शिकतील. बाईंनी अंगठा दिला. त्या हृदयास ११८ क्रमांक मिळाला. त्याच महिन्यात बसस्थानकावर सापडलेला एक बेवारस इसम वारला. त्याने आपले नाव फकिरा एवढेच सांगितले होते. त्याचे हृदय शेजारी, क्रमांक ११९. दोघांचा आजार एकच, मायट्रल झडप अरुंद होण्याचा. वयही जवळपास एकच.

पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात बानाबाई संग्रहालयाच्या दारात उभ्या राहिल्या. काळीज कुठे ठेवले आहे, एवढेच त्यांनी विचारले. बाहेरच्या माणसास आत घेण्याची परवानगी नव्हती, हे अर्जदारास ठाऊक होते. गुरुवारी साफसफाईसाठी वर्ग नसत, म्हणून तिने त्यांना आत घेतले. बाईंनी पदराच्या गाठीतून खंडोबाचा भंडारा काढला, बोटभर हळद बरणीच्या काचेला लावली आणि वर्षभराचे सगळे सांगितले. मेंढ्या किती व्याल्या, धाकटा चालायला लागला, विहिरीला पाणी लागले. त्या गेल्यावर अर्जदाराने काच पुसली. असे दरवर्षी झाले. अर्जदार निवृत्त झाल्यावरही त्या एका दिवसासाठी येत असे आणि तिच्या जागी आलेले सांडू दार उघडून देत. २०१९ नंतर बाईंचे गुडघे गेले आणि येणे थांबले.

एवढे बोलायचे काय असते, असे अर्जदाराने एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "ह्यांची वाचा आधी गेली, मग उजवा हात. मला काय तरी सांगायचं व्हतं त्यांना, सांगता आलं नाय. आता ऐकू तरी द्या."

आता अर्जदाराचा अपराध. १९९१ च्या उन्हाळ्यात फॉर्मॅलिन बदलताना ११८ व ११९ या दोन्ही बरण्यांवर ते सांडले आणि दोन्ही चिठ्ठ्या सुटून परातीत तरंगू लागल्या. बरण्या एकसारख्या, झडपा एकसारख्या. अर्जदाराने अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या आणि कोणास सांगितले नाही. आजार एकच असल्याने मुलांचे काही बिघडणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. एका हृदयाच्या मागच्या बाजूस काळपट गोळा दिसला होता. ती बाजू भिंतीकडे असे, म्हणून तिने त्याकडे लक्ष दिले नाही. पुढे हे ती विसरली, असे तिला वाटत होते.

अर्जदाराची नात मोनिका किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन आली आहे. इथे परवाना मिळण्यासाठी जी परीक्षा असते, तिच्यात ती दोनदा राहिली. दुपारी अर्जदार बजाजनगरच्या घरात भाजी निवडत बसते आणि मोनिका शरीरक्रिया, विकृती आणि औषधे असे तिन्ही विषय तिच्यासमोर मोठ्याने म्हणते. न शिकलेल्या माणसाला समजले तर परीक्षकाला समजेल, हा तिचा हिशोब. आजी मध्येच प्रश्न विचारते म्हणून ती चिडते आणि "तू परीक्षक असतीस तर कुणीच पास झालं नसतं" असेही म्हणते.

गेल्या महिन्यात ती मायट्रल झडपेवर आली. दार अरुंद झाले की मागच्या कप्प्याला जोर पडतो, तो फुगतो, ठोके अनियमित होतात. रक्त तिथेच घोटाळते आणि त्याची गुठळी होते. ठोके आवरायला डिजॉक्सिन, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध. मग ती म्हणाली, "आणि गुठळी सुटून मेंदूत गेली, की एक बाजू जाते, वाचा जाते."

अर्जदाराच्या हातातली मेथी तशीच राहिली. गुठळी नसेल त्याचे काय होते, असे तिने विचारले. दम लागतो, थुंकीतून रक्त येते, असे मोनिकाने सांगितले. फकिराच्या कागदावर पोलिसांनी हेच लिहिले होते. अर्जदाराने तो कागद स्वतः फाइलला लावला होता.

दुसऱ्याच दिवशी अर्जदार मोनिकाला घेऊन संग्रहालयात आली. सांडू यांनी बरण्या फिरवून दाखवल्या. गुठळी आज ११९ लिहिलेल्या बरणीत आहे. म्हणजे पुंजाराम तिथे आहेत. बानाबाई सहा वर्षे नवऱ्याशी बोलल्या आणि एकोणतीस वर्षे परक्या माणसाशी. नवरा वीतभर अंतरावर होता. तेव्हापासून अर्जदारास डोळे मिटले की ती काच दिसते. जिची हळद १९९१ नंतर तिने एकदाही पुसली नाही, ती दुसरी काच.

सबब अर्जदाराची विनंती :

१) गुरुवार, १८ सप्टेंबर रोजी बानाबाईंना अर्धा तास संग्रहालयात येऊ द्यावे.

२) बाहेरच्यांना परवानगी नसल्यास त्यांना विद्यार्थी समजावे. पस्तीस वर्षांची त्यांची उपस्थिती आहे. एवढी कोणत्याही विद्यार्थ्याची नसेल.

३) जिना चढणे त्यांना शक्य नाही. बरण्या खाली आणण्यास हरकत असल्यास अर्जदार त्या स्वतः उचलून आणील. वय पंचाहत्तर असले तरी तिच्या हातून बरणी आजवर फुटलेली नाही.

४) हेही जमत नसेल तर या चुकीची नोंद अर्जदाराच्या सेवापुस्तकात करावी, हवी ती शिक्षा द्यावी आणि मग परवानगी द्यावी.

हा अर्ज आधी एकाच बरणीसाठी लिहिला होता. परंतु बानाबाईंना अंधारात ठेवून त्यांना आणणे बरे वाटेना, म्हणून अर्जदार वैजापूरला गेली आणि त्यांच्या ओट्यावर बसून सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मंग मी ज्याच्याशी बोलत व्हते त्याचं कोन येतं?" कोणीच येत नाही, असे अर्जदाराने सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग दोघांच्याबी म्होरं उभी करा मला. त्याला तसंच सोडून कसं जाऊ, लई ऐकलंय त्यानं." म्हणून विषयात दोन नमुने लिहिले आहेत.

यातील माणसांचे पुढे काय झाले, तेही आपल्या माहितीसाठी. बद्रीनाथ सर २००२ साली वारले. सांडू येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. मोनिका दुसऱ्या वेळी चार गुणांनी राहिली आणि पुन्हा बसणार आहे. फकिराचा शोध घ्यायला कधी कोणी आले नाही. बानाबाई मुलाकडे असतात. त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि उजव्याने दिवाळीपर्यंत दिसेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

उत्तराची वाट पाहणारी,
वच्छलाबाई कारभारी
निवृत्त संग्रहालय परिचर
रा. बजाजनगर

सोबत :
१. अर्जदाराच्या जुन्या ओळखपत्राची प्रत
२. बानाबाईंच्या आधार कार्डाची प्रत
३. दोन्ही हृदयांचे मोनिकाने काढलेले चित्र, गुठळीवर खूण करून