साठपट जवळ

प्रिय शेंडेफळा,

तुझा मेसेज मिळाला आणि सोबतचा तक्ताही. डावीकडे तुझा जुना डीएसएलआर, उजवीकडे नवा सुपरझूम, मधे वजन, लेन्स, सेन्सर, बॅटरी असे रकाने. ऑफिसात सवय झालीय तुला, आता घरच्या माणसालाही तक्ता घालून दाखवतोस. खाली लिहिलंयस, ताई, दोन्हींतला कुठला पाठवू ते सांग, तुझ्या वाढदिवसाच्या आत पोचला पाहिजे. मी फोनवर उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. फोनवर मी कितीही लिहिलं तरी तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबांचं अंग पुसून झालंय, कूस बदलून दिलीय, ते आता थोडा वेळ झोपतील. तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

आधी हे सांगून टाकते की मला कॅमेरा हवाय. फार हवाय. कशाला उगाच, राहू दे, असले आढेवेढे मी घेणार नाही. वर्तमानपत्रातली नोकरी सोडली त्या दिवशी ऑफिसचा कॅमेरा टेबलावर ठेवला, सही केली आणि बाहेर पडले, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या हातात बेडपॅन असतं, नाहीतर गोळ्यांची डबी असते, नाहीतर बाबांची मान असते. अजूनही स्वयंपाकघरात ओट्यावर उन्हाची तिरीप आली की मी मनातल्या मनात शटरचा वेग ठरवते. एक डोळा मिटून बघते. शेजारच्या काकूंनी एकदा पाहिलं आणि डोळ्यात काही गेलं का म्हणून पाणी आणून दिलं. मी डोळा धुतला, काय करणार!

तुझा कल सुपरझूमकडे आहे हे तक्त्यातही लपत नाही. साठपट झूम, लेन्स बदलायची कटकट नाही, आत धूळ जायची भीती नाही, वजनाला हलका, हवा तसा वळवता येणारा पडदा. सगळं खरं आहे. एकच वस्तू गळ्यात अडकवून ज्याला देश बघत हिंडायचंय त्याला मीही हाच घ्यायला सांगेन. पण त्याच्याखाली तू जे कारण लिहिलंस ना, ते वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे, तुला आता बाहेर पडणं होत नाही, तर खिडकीत बसल्या बसल्या पक्षी काढता येतील, चंद्रावरचे खड्डेसुद्धा स्पष्ट येतात. अरे, कोंडलेल्या माणसाला तू दुर्बीण पाठवतोयस. या खिडकीतून काय दिसतं ते तू विसरला असशील. समोरच्या इमारतीची मागची बाजू, सांडपाण्याचे पाइप, पाइपाच्या वळणावर बसणारी दोन कबुतरं, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक बाई, जी सकाळी चादर झटकते आणि मी दिसले की फटकन खिडकी लावून घेते. ती साठपट जवळ आणून मी तिचं काय करू? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं तरी मला काकूंना येऊन बसता का म्हणून विचारावं लागतं, आणि तू मला चंद्र दाखवतोयस.

तुला झूमचं वेड तसं पहिल्यापासूनच. शाळेच्या मैदानावर सामना होता, आठवतं? मी वर्तमानपत्रासाठी आले होते आणि तू माझ्या मागे मागे, शेपटासारखा. कॅमेरा मागितलास आणि पायरीवर फतकल मारून बसल्या जागेवरून झूम करत सुटलास. मी ती लेन्स काढून घेतली आणि पन्नासची साधी लेन्स लावून दिली. तू भोकाड पसरलंस की ताई, यातून काहीच जवळ येत नाही. मी म्हटलं, मग तू जा की जवळ, पाय कशाला दिलेत? गेलास. गोलपोस्टशेजारी आडवा पडलास, गुडघे फोडून घेतलेस, शिट्टीवाल्या सरांच्या शिव्या खाल्ल्यास, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझा फोटो फोटोसारखा आला. बाबांनी तो मोठा करून आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे लावला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा चष्मा डोळ्यावर चढवून तो फोटो बघायला सांगायचे, माझ्या धाकट्याने काढलाय, गोलकीपरच्या बुटाची नाडी दिसते का सांगा. धाकट्याला शिकवलं कुणी हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू मिळेल त्या विमानाने धावत आलास, ते मी नाकारत नाही. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. डॉक्टरांना असे प्रश्न विचारलेस जे मला सुचलेही नसते. आणि मग निघताना, बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणालास, ताई, सध्यापुरतं तू बघ, मी काहीतरी मार्ग काढतो. मी मान डोलावली, कारण लिफ्ट आली होती आणि तू तिचं दार बॅगेने अडवून धरलं होतंस, वरून कुणीतरी ओरडत होतं. झालं, ठरलं आपलं. माझ्या पाच वर्षांचा निकाल लिफ्टच्या दारात लागला. तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. तुझी बायको, ती खरंच गुणी मुलगी आहे, आठवणीने लावते. लेक आजोबांना कविता म्हणून दाखवते. तू मागून डोकावतोस आणि म्हणतोस, वा बाबा, एकदम मस्त दिसताय. बाबा मस्त दिसतात कारण कॉलच्या आधी मी त्यांना उशा लावून ताठ बसवलेलं असतं, उजेड त्यांच्या समोरून येईल अशी खुर्ची फिरवलेली असते, आणि वाकडं झालेलं तोंड तुझ्या लेकीला दिसू नये म्हणून फोन त्यांच्या चांगल्या बाजूने धरलेला असतो. पाच वर्षांत मी एवढीच फोटोग्राफी केली. शेवटी तू म्हणतोस, ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, आणि कॉल बंद होतो. मग मी उशा काढते.

आता डीएसएलआरकडे येते. त्याचे दोष तू अगदी प्रामाणिकपणे लिहिलेस. जड आहे. जुनं मॉडेल आहे, व्हिडिओ धड येत नाही. मागच्या पडद्यावर ओरखडे आहेत. झूम लेन्सच्या आत बुरशीचा पुसट डाग आहे, पन्नासची मात्र ठणठणीत आहे. आणि पुढे लिहितोस, समोरच्या बाजूला कंपनीच्या नावावर कसलीतरी काळी चिकटपट्टी आहे, किती खरवडली तरी निघत नाही, पण त्याने फोटोत काही फरक पडत नाही. सोबत कॅमेऱ्याचा फोटोही पाठवलास. तो मी बोटांनी मोठा करून बघितला. पट्टीचे चारही कोपरे गोल कापलेले आहेत. नेलकटरने कापलेत ते. कोपरे चौकोनी ठेवले की कडा उचकटतात. आमच्या धंद्यात कॅमेऱ्यावरचं नाव असं झाकतात, समोरच्या माणसाची नजर तिकडे जाऊ नये म्हणून. बाकीचे कशीही फाडून चिकटवायचे आणि माझ्या गोल कोपऱ्यांना हसायचे. तुझा जुना डीएसएलआर नाही तो, बाळा. माझा आहे.

तुला आठवत नाही हे मला कळतंय, आणि तेच जास्त लागलंय. मुद्दाम केलं असतंस तर मी कचकचून भांडले असते आणि विषय संपला असता. शिकायला निघालास तेव्हा एका प्रोजेक्टपुरता नेलास. मग परीक्षा झाली की देतो, मग सुट्टीत येताना आणतो, मग नोकरी लागली की नवा घेईन आणि हा देईन. पुढे मीच विचारायचं सोडलं. हाताशी ऑफिसचा कॅमेरा होता, आणि तुझे फोटो चांगले यायला लागले होते, मला त्याचं कौतुक होतं. तुझ्या लग्नाआधीचं हिंडणं, लेकीचं रांगणं, सगळं त्याच कॅमेऱ्यावर टिपलंस. या सगळ्यात कधीतरी तो तुझा झाला. आणि आता माझीच वस्तू मला वाढदिवसाची भेट म्हणून देताना तिचे दोष तू मला समजावून सांगतोयस. मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळलं नाही. बाबांनी खाटेवरून आवाज केला तेव्हा भानावर आले.

तरीही मी गप्प बसले असते. तुला एका ओळीचं उत्तर पाठवलं असतं, थँक यू म्हटलं असतं, इतक्या वर्षांची सवयच आहे. पण गेल्या आठवड्यात दाढीवाल्यांचा फोन आला. वर्तमानपत्रात माझे वरिष्ठ होते ते, कुठला फोटो छापायचा ते ठरवायचे. रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिन आता बंद होतायत. हाताने दांड्या ओढून रूळ बदलायचे दिवस संपले, सगळं संगणकावर जाणार. त्याआधी त्या केबिनमधली माणसं कामावर असताना कुणीतरी नीट टिपून ठेवावीत, त्यांचं पुस्तक करावं, असं त्यांनी मनावर घेतलंय. तीन महिन्यांचं काम, या केबिनमधून त्या केबिनमध्ये. म्हणाले, तू नाही म्हणालीस तर नव्या पोरांपैकी कुणाला तरी देईन, पुस्तक होईलच, पण मला हवं तसं होणार नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं की वडिलांना सोडून कशी येऊ.  ते म्हणाले, तुला एक भाऊ होता ना?

फोन ठेवल्यावर मी बाबांच्या खोलीत न जाता स्वयंपाकघरात उभी राहून रडले. बऱ्याच दिवसांनी रडले. मग तोंड धुतलं आणि त्या केबिनचा विचार करायला लागले. मी पूर्वी एकदा एका केबिनमध्ये गेले होते. खिडक्या मोठ्या, पण काचांवर वर्षानुवर्षांची काजळी, आत एक पिवळा दिवा. दांडी ओढणारा माणूस हातात फडकं धरतो, घामाने लोखंड गंजू नये म्हणून, आणि ओढताना सगळं अंग मागे टाकतो. तुझ्या सुपरझूमचा सेन्सर नखाएवढा, तसल्या उजेडात माणसाच्या चेहऱ्यावर नुसते दाणे येतील. पन्नासची लेन्स एका दिव्यावर काम भागवते, फक्त तिला घेऊन माणसाच्या हातभर जवळ उभं राहावं लागतं. त्याला आपली सवय होईपर्यंत थांबावं लागतं. मला ते जमतं. मला खरं तर तेवढंच जमतं, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, डीएसएलआर. पन्नासची लेन्स, दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जर. पट्टी आणखी खरवडू नकोस. सुपरझूम घ्यायचाच असेल तर स्वतःसाठी घे, चांगला आहे. आणि कॅमेरा कुरियरने पाठवायचा नाही, तू घेऊन यायचंस. दाढीवाल्यांना मी हो कळवलंय, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सकाळच्या गाडीने निघतेय. दोन दिवस आधी ये, म्हणजे कुशीवर कसं वळवायचं, घास कुठल्या बाजूने भरवायचा, ते दाखवून ठेवीन. रजा काढ, घरून काम कर, बायकोलेकीला घेऊन ये, तुझं तू बघ. तुला विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. बाबांना मी गेल्या सोमवारीच सांगितलं, की मी कामाला जातेय आणि तुमचा धाकटा येतोय, राहायला. त्यांच्याकडे शब्द थोडेच उरलेत, तेही वेळेला सापडत नाहीत.  दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला हात उचलून गालावरून फिरवून दाखवायला लागले. मला कळेना, दात दुखतोय की काय. मग कळलं, दाढी. एरवी मी आठवड्यातून एकदा करते. आता रोज मागतात, रोज करून घेतात, आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावतात. मी त्यांना एक तारखेचं समजावून सांगितलंय, पण तारखा त्यांना कळत नाहीत रे. त्यांना वाटतं, तू आजच येतोयस.

तुझीच,
ताई