शेवटचा शब्द

२ मार्च, सकाळी ९.१०
निवृत्तीस आज चार वर्षे झाली. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकविलेल्या मनुष्याने आळसावू नये, म्हणून संकल्प: रोज तीन तक्रारींचा निकाल. हिची दृष्टी अधू झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा 'वाचक' हा प्रोग्रॅम मी लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून सर्वांना मोफत खुला केला. एकोणीसशे लोक वापरतात. आभार मानणारे आजवर दोन. त्यांपैकी एकाने नंतर तक्रार नोंदविली.

३ मार्च
तक्रार २१२, एका अंध शिक्षकाची: मजकुराअखेर पूर्णविराम नसल्यास 'वाचक' शेवटचा शब्द गिळतो. उत्तर दिले: पूर्णविराम नाही ते वाक्य नव्हे, जे वाक्य नव्हे ते पूर्ण वाचण्यास प्रोग्रॅम बांधील नाही. दोष लेखकाचा. तक्रार बंद. त्याने लिहिले, "सर, तुम्ही जिंकलात, पण माझं वाक्य अर्धंच राहिलं." पहिला भाग मान्य असल्याने वाद वाढविला नाही.

५ मार्च
संकल्पात किरकोळ बदल: आठवड्यास तीन.
२१२मधील दोषाची दुरुस्ती कन्येने गेल्या वर्षीच पाठविली होती, हे आज पुन्हा दिसले. चार ओळींची. गुणदोष तपासण्याचा प्रश्नच आला नव्हता. सोबतच्या टिपेअखेर पूर्णविराम नव्हता. "टीप नीट लिही," म्हणून सात वेळा परत केली. आठव्यांदा तिने लिहिले, "बाबा, राहू दे". तेथेही पूर्णविराम नाही. तेव्हापासून तिचे मला फोन बंद; आईला तेवढे मेसेज पाठविते. चूक उमगली की येईल. मला घाई नाही.

९ मार्च, दुपारी
कन्येचा मेसेज. हिने 'वाचक'कडून ऐकला: "आई, तब्येतीला जप. शनिवारी मी येणार". मी दुसऱ्याचे टपाल वाचीत नाही. शिवाय वाचणारे साधन मीच घडविलेले. ही म्हणाली, "अहो, फोन करून विचारू का, किती वाजता पोचतेस?" म्हटले, विधान निःसंदिग्ध आहे, खातरजमा करणे म्हणजे अविश्वास दाखविणे. "तुम्ही आणि तुमचं विधान!" म्हणाली, पण हसली. वर्षभराने.

१२ मार्च
निकाली तक्रारी: शून्य. कारणे सबळ. तिची खोली झाडली. माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. हिने चाचपडत उशीचा अभ्रा स्वतः चढविला, उलटा. तसे निदर्शनास आणून दिले. "असू दे उलटा. डोकं सुलटं आहे तिचं, तुमच्यावर नाही गेली!"
संकल्प: कन्येसमोर पूर्णविरामाचा विषय काढायचा नाही. किमान पहिला तास.

१४ मार्च, शनिवार, सायंकाळी ६.४०
ही सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत. जिन्यातल्या प्रत्येक पावलाला मान वळे. जेवली नाही, "ती आली की एकदमच बसू." चार वाजता मी नियम मोडून हिचा फोन उघडला आणि मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. "शनिवारी मी येणार नाही". पुढे पूर्णविराम नाही.
दोन तास बचावाचा युक्तिवाद शोधला. सापडला नाही. मग कन्येची दुरुस्ती जशीच्या तशी स्वीकारली, टिपेसह. नवा 'वाचक' हिच्या फोनवर चढविला आणि फोन हिच्या हाती दिला. या वेळी त्याने एकही शब्द गिळला नाही.
हिने फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाली, "अहो, आधीचंच पुन्हा लावता येईल का?"
प्रश्नाची मांडणी निर्दोष आहे. उत्तर माझ्यापाशी नाही