घर, शेत आणि उज्ज्वलाची अर्धी मेल

मी, इंद्रभान रंगराव उगले, वय वर्षे बहात्तर, सेवानिवृत्त, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून, धाकावरून किंवा भिडेखातर नव्हे, तर स्वतःच्या खुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत, ते काचबिंदूने नेले. तरीही यातला शब्दन् शब्द मी स्वतःच्या बोटांनी टाईप केला आहे आणि यंत्राकडून वाचून घेतला आहे. आंधळ्याकडून कोणी काहीबाही लिहून घेतले असे उद्या कोणी म्हटले, आणि माझा धाकटा भाऊ विकास ते म्हणेलच, तर ते खोटे समजावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर सर्व काही पत्नी उज्ज्वला हिच्या नावे लिहिले असते. ती २०१९ साली माझ्या आधी गेली. आता मागे एकुलती मुलगी वैष्णवी आहे. ती नोकरीनिमित्त बंगळुरूस असते.

१. शेलूबाजार येथील राहते घर, परसबाग व त्यातील लिंबाच्या झाडासह, मी वैष्णवीस देतो. तिने येथे येऊन राहावे अशी अट घालत नाही. उज्ज्वला गेल्यावर तिने मला सोबत नेण्याचा फार आग्रह केला होता. "इथं एकटे काय करणार बाबा?" असे ती तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा मी, इथला प्रत्येक उंबरठा मला ठाऊक आहे, एवढेच उत्तर दिले. ते तिला पटले नाही. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त विकण्यापूर्वी माळ्यावरची तिच्या आईची गोधडी घेऊन जावी.

२. शेलूबाजार शिवारातील माझ्या वाट्याची शेतजमीनही वैष्णवीचीच. शेजारची जमीन विकासची आहे. तो दर नांगरटीला बांधाची कड थोडी थोडी कोरत आला आहे. उज्ज्वला दरसाल म्हणायची, "भावजींले एकदा सांगा ना." मी सांगितले नाही, कारण तो फटकळ बोलतो आणि मला भांडता येत नाही. आता बांध पायाला लागतसुद्धा नाही. वैष्णवीने मोजणी आणू नये. विकासने आजवर जी जमीन आत घेतली ती माझ्याकडून त्याला भेट समजावी. मात्र ती भेट होती, हे कलम त्याला चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावे.

३. बँकेतील शिल्लक रकमेतून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल ते वैष्णवीचे. मला स्वच्छ सही करता येत असताना बँकेतल्या एका साहेबांनी "दिसत नाही ना? मग अंगठा लावा" असे भर गर्दीत सांगितले होते. त्यांना काही देणे लागत नाही, पण विसरलेलो नाही, एवढी नोंद असावी.

४. माझा संगणक, कळफलक व कानात घालायचा फोन हे सर्व मी श्री. लखीराम जाधव, राहणार तालुका मानोरा, यांस देतो. ते अंधशाळेत संगीत शिकवतात. हे कोण, आणि मुलीला सोडून संगणक त्यांना का, हे वैष्णवीला ठाऊक नाही. म्हणून येथे जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे.

मी अकोल्याला एका कॉलेजच्या संगणक विभागात नोकरी केली. तिथेच ‘पाइन’ नावाच्या प्रोग्रॅमवर मेल पाहायला शिकलो. पुढे त्याचे नाव अल्पाइन झाले, पण आम्ही पाइनच म्हणत राहिलो. काळा पडदा, पांढरी अक्षरे, चित्र नाही, उंदीर नाही. सगळा कारभार कळांवर. घरी इंटरनेट आले तेव्हा उज्ज्वलालाही तेच शिकवले. ती एका बोटाने टाईप करायची आणि मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची, कारण त्या पडद्यावर आपल्या काना-मात्रांची मोडतोड व्हायची. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायची. माझी नजर मंदावत गेली तशी मी अक्षरे मोठी करत गेलो. शेवटी पडद्यावर एकच शब्द मावू लागला, तेव्हा तिने खुर्ची माझ्या शेजारी ओढली. मग आलेली मेल ती वाचायची, मी उत्तर सांगायचो आणि ती लिहायची. आमचे बोलणे नोकरीच्या उभ्या आयुष्यात झाले नसेल तेवढे त्या दोन खुर्च्यांवर झाले.

एका दुपारी ती वैष्णवीला लिहीत होती. शेजारच्या सेवादासची म्हैस व्याली, पहिल्या चिकाचा खरवस आला होता, वैशूची कॉलेजची पत्र्याची पेटी आता कोणाला देऊन टाकू का, असे साधेच. मी शेजारी बसून ऐकत होतो. "आणि तुझ्या बाबांचं म्हणशील तर," इतके ती म्हणाली, तेवढे टाईप झाले, आणि बाहेरून सेवादासच्या आईने विरजणासाठी हाक मारली. उज्ज्वला उठली. मी म्हटले, "पुरी तर कर." ती म्हणाली, "राहू द्या, बाकीचं उद्या लिहितो." तिने मेल बाजूला ठेवण्याची कळ दाबली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्याच आठवड्यात ती चहा गाळता गाळता खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

पुढे मी बोलणारा संगणक शिकलो. पडद्यावरचे सगळे तो कानात वाचून दाखवतो. अंध संगणकवाल्यांचा एक मेलगट आहे, त्यात लखीराम भेटले. जन्मापासून अंध. माझ्या अडचणी ऐकून त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहिले, "इंद्रभानजी, तुमी पाइन काहून धरून बसले? मट घ्या ना." मट हाही तसाच काळ्या पडद्याचा, कळांवर चालणारा प्रोग्रॅम. लखीरामचे म्हणणे खरे होते. पाइनच्या तळाशी कोणती कळ कशासाठी याच्या दोन ओळी कायम असतात, आणि माझा वाचक, म्हणजे ते बोलणारे यंत्र, पडद्यावर जरा काही हलले की त्या दोन ओळी पहिल्यापासून वाचू लागे. एक मेल ऐकायची तर दहा वेळा तीच आरती. मटमध्ये त्या ओळी काढून टाकता येतात. हवे तेवढेच बोलेल असे करता येते.

मी टाळत राहिलो. बोटांना सवय झाली आहे, असे कारण लखीरामला दिले. ते पुरते खरे नव्हते. पाइनमध्ये नवीन मेल लिहायला घेतली की तो आधी विचारतो: अर्धवट ठेवलेला मजकूर पुढे लिहायचा आहे का? आणि लगेच धीर देतो, नाही म्हटले तरी तो पुसला जाणार नाही. उज्ज्वला गेल्यापासून मी कोणालाही काहीही लिहायला घेतले की तो हे विचारायचा. मी ‘नाही’ची कळ दाबायचो. एकदा ‘हो’ म्हणून पाहिले होते. इंग्रजी अक्षरांतली तिची मराठी वाचक साहेबी उच्चारांत वाचू लागला, तेव्हा घाईने बंद केले. पुरे करावे तर माझ्याबद्दल ती काय लिहिणार होती ते मला माहीत नाही. पुसणे शक्य नव्हते. पण दिवसातून एकदा तरी या घरात कोणीतरी तिच्या मेलची चौकशी करत होते. कधी कधी मला कोणालाच काही लिहायचे नसे, तरी ती कळ दाबून मी प्रश्न ऐकून घेई.

गेल्या वर्षी कान दुखू लागले आणि मी होकार दिला. लखीराम एसटीने मंगरुळपीरला आले, तेथून सेवादासने त्यांना आपल्या जीपमधून आणले. आम्ही दोघे दुपारभर यंत्रापुढे बसलो. संध्याकाळी सेवादास डोकावला आणि म्हणाला, "काका, तुमी दोघं पाहून काय राह्यले? पडदा तं बंदच हाये!" लखीराम म्हणाले, "आमाले कायले पाह्यजे पडदा? बिल वाढते." कित्येक महिन्यांनी या घरात दोन माणसे मिळून हसली.

मग त्यांनी पत्त्यांची वही पाइनमधून मटमध्ये घ्यायला काढली. एकेक नाव यंत्र बोले आणि ते विचारत, "हा ठेवू?"

"वारला."

"हा?"

"हाही. करोनात."

"हे कोन, मोडक साहेब?"

"आहेत. पण उत्तर देत नाहीत."

"मंग ठेवू का काढू?"

"ठेवा," मी म्हणालो. असे करता करता वही बोटांवर मोजण्याइतकी उरली. लखीरामनी एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढच्या नावाची कळ दाबली.

ते गेल्यावर मी मटमध्ये पहिली मेल लिहायला घेतली. त्याने सरळ विचारले, कोणाला? त्याच्या आधी काही नाही. मी मागे गेलो, पुन्हा कळ दाबली. कोणाला? यंत्र सुंदर चालत होते. एकही फालतू शब्द नाही. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. उज्ज्वला गेली त्या दिवशी घरात माणसे मावत नव्हती, म्हणून तेव्हा जाणवले नसेल. त्या दुपारी घर रिकामे झाले.

मी लखीरामला फोन करून उज्ज्वलाच्या अर्ध्या मेलचे सगळे सांगितले. ते म्हणाले, "घाबरू नका. ते कुठी जात नाही. पाइननं ज्या फाइलीत ठेवलं तिथंच हाये. मटले फक्त जागा सांगा लागते, मंग तोही तसंच इचारते." मग थांबून म्हणाले, "पन तुमाले काय पाह्यजे? त्यानं रोज इचारत राहावं, का ते वहिनींनी जिले लिहिलं तिले भेटावं?"

"तिला भेटावं," मी म्हणालो. मग ते फोनवरून सांगत गेले तसे मी फाइल काढली. मी त्यात एक अक्षरही घातले नाही, खाली नावही लिहिले नाही. "बाबांचं म्हणशील तर" इथे जशी तुटली होती तशीच ती वैष्णवीला पाठवून दिली.

उत्तर आले नाही. रोज सकाळी पाहत होतो, म्हणजे ऐकत होतो. नवीन मेल नाही. महिना उलटल्यावर एका दुपारी तिचाच फोन आला. मेल आता कोणी उघडत नाही, कुठलेसे तिकीट शोधताना दिसली, असे म्हणाली.

"बाबा, आईनं पुढे काय लिहिलं होतं?"

"एवढंच आहे."

"तुम्हाला काय वाटतं, काय लिहिणार होती?"

"मले माहीत नाही, वैशू. मी शेजारीच बसलो होतो."

ती रडली. मग म्हणाली, "ती पेटी देऊ नका कोणाला." मी ती दिलेली नाही. माझ्या खाटेखाली आहे. ती वैष्णवीचीच.

त्यानंतर ती दर आठवड्याला फोन करते, असे लिहायला मला आवडले असते. ती सणावाराला करते. आवाज मात्र पूर्वीसारखा तुटक नसतो. मला तेवढे पुरते.

५. माझ्या सर्व मेलची एक प्रत लखीराम यांनी काढून वैष्णवीस द्यावी व त्यानंतर माझे खाते बंद करावे. मट, पाइन दोन्ही यंत्रावर आहेत. लखीरामनी दोन्ही काढले तरी चालेल.

६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी लखीराम जाधव यांच्याकडे सोपवतो. आंधळ्याला कागदपत्रे काय समजणार, असे कोणी विचारल्यास त्यांनी त्या माणसाला कागद वाचायला लावावा आणि स्वतः ऐकावा. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी बजावल्याने सेवादासला काही लिहून देत नाही. त्याने ते मनाला लावून घेऊ नये.

७. हे शेवटचे. रोज सकाळी चहाच्या आधी मी लखीरामला एक मेल पाठवतो. आत मजकूर नसतो, विषयात एकच शब्द: ‘हाये’. त्यांचे उत्तर येते: ‘मीबी’. दोघांचीही घरे रिकामी, म्हणून हे ठरवून घेतले आहे. ज्या सकाळी माझी मेल जाणार नाही, त्या दिवशी लखीराम सेवादासला फोन करतील. सेवादासने घाई करू नये, दार फोडू नये. हल्ली मी आतून कडी लावत नाही.

वर लिहिले ते मी शुद्धीवर राहून, सेवादासकडून सबंध वाचून घेऊन, दोन्ही साक्षीदारांच्या समोर, पट्टी कागदावर धरून सही करून पक्के केले.

स्थळ : शेलूबाजार
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) इंद्रभान रंगराव उगले

साक्षीदार :

१. (सही) सेवादास राठोड, शेजारी, शेलूबाजार. सगळा कागद मी मोठ्यानं वाचून दाखवला. सातवं कलम वाचताना मी थांबलो, तर काका म्हणाले, "वाच बापा, वाच." म्हणून पूर्ण वाचला.

२. (सही) मोहनसिंग पवार, झेरॉक्स दुकान, शेलूबाजार. सही माझ्यासमोर झाली.